लांब इंग्रजी शब्द कुठे तोडावा?

प्रश्न : माझी मुलगी इंदूरमध्ये तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम शिकत आहे. मेंदूतील विद्युत्स्पंदनांच्या आलेखाला ‘ई. ई. जी.’ ती सहज म्हणते. परंतु तोंडी परीक्षेत ‘इलेक्ट्रोएन्सेफलोग्रॅम’ हा पूर्ण शब्द उच्चारताना अडखळते. तो कसा तोडावा आणि जोर कुठे द्यावा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : शब्दाचे अवयव आठ आहेत : इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-लो-ग्रॅम. आपली मुलगी बहुधा ‘ले’पाशी थांबत असावी, कारण देवनागरीत ‘क्ट्रो’ हे एकच जोडाक्षर दिसते आणि ते एका दमात उच्चारणे अवघडच आहे. वास्तविक ‘क्’ मागच्या ‘ले’ला चिकटतो. ‘पुस्तक’ या शब्दात ‘स्’ मागे सरकतो आणि म्हणूनच वृत्तात ‘पु’ गुरू ठरतो, हे तिला सांगितल्यास ही तोड तिला परकी वाटणार नाही. ‘ट्रो’नंतर स्वच्छ ‘ए’ यावा, ‘ये’ नव्हे.

मुख्य आघात ‘से’वर आणि दुय्यम ‘लेक्’वर द्यावा, ‘फ’मधील ‘अ’ अगदी पुसट ठेवावा. आपण मराठी माणसे सर्व अवयव सारख्याच वजनाने उच्चारतो, त्यामुळे हा शब्द आहे त्याहून लांब वाटतो. मात्र ‘ग्रॅम’ऐवजी ‘ग्राफी’ आले, की मुख्य आघात सरकून ‘लो’वर जातो आणि तेथील स्वर ‘लॉ’ होतो. ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफी’ यांत आघात असाच हलतो.

‘एन्सेफलो’ हा घटक ग्रीक आहे. ‘एन’ म्हणजे आत, ‘केफाले’ म्हणजे डोके; डोक्याच्या आत असतो तो मेंदू. हान्स बेर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्स्पंदनांची नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी दिलेल्या जर्मन नावात ‘के’ कायम होता. ब्रिटनमधील काही डॉक्टर आजही ‘केफ’ म्हणतात, तेव्हा परीक्षकांनी तसा उच्चार केला तर तिने गोंधळून जाऊ नये.

इंदूरच्या हिंदी वातावरणात ‘ग्रॅम’चे ‘ग्राम’ सहज होते. ‘बँक’ लिहिताना आपण जो ‘ॲ’ वापरतो, तोच येथे हवा.

सरावासाठी शब्द शेवटाकडून बांधावा. प्रथम ‘सेफलोग्रॅम’, मग ‘एन्सेफलोग्रॅम’, आणि ते न थांबता जमू लागल्यावरच आरंभी ‘इलेक्ट्रो’ जोडावे.