‘रा.’ आणि ‘ह. मु.’ : कैद्याची मोजणी कोठे?

प्रश्न : अमेरिकेतील निवडणुकांविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘प्रिझन जेरीमँडरिंग’साठी (म्हणजे मतदारसंघ आखताना कैद्यांना तुरुंगाच्या गावचे धरल्याने तेथील लोकसंख्या फुगणे, यासाठी) मी ‘तुरुंगातील सीमाफेरफार’ असा शब्द योजला. तो योग्य आहे का?

उत्तर : मला तो पटत नाही. ‘तुरुंगातील’ म्हटल्यावर फेरफार तुरुंगाच्या आत चालतो असे वाटते. आणि मुळात येथे सीमेत फेरफार झालेलाच नसतो. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी संमत केलेल्या आखणीतील एक मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या आकाराचा झाला होता; तेव्हा बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने गव्हर्नरांचे आडनाव आणि त्या प्राण्याचे नाव यांची मोट बांधून ‘जेरीमँडर’ (आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघाच्या सीमा आखणे) हा शब्द घडवला. (आडनावाचा उच्चार ‘गेरी’, शब्दात मात्र ‘जेरी’ रूढ झाले.) म्हणजे मूळ शब्दाचा रोख वाकड्या सीमारेषेवर आहे. कैद्यांच्या बाबतीत रेषा अगदी सरळ असू शकते. खोट असते ती आतल्या आकड्यात.

ती कशी, हे आपल्याकडच्या फिर्यादीतील दोन संक्षेपांवरून चटकन कळते. ‘रा.’ म्हणजे राहणार आणि ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम. माणूस बहुतेक काळ जेथे राहतो व झोपतो ते त्याचे ठिकाण, हा अमेरिकी जनगणनेचा नियम असल्याने कैद्याची नोंद ‘ह. मु.’वर, म्हणजे तुरुंगाच्या पत्त्यावर होते. मेन, व्हरमाँट आणि राजधानीचा वॉशिंग्टन डी. सी. हा प्रदेश वगळता गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मत देता येत नाही, तरी लोकसंख्येच्या आधारे मतदारसंघ आखताना त्याचे डोके तुरुंगाच्या गावात धरले जाते. आयोवा राज्यातील अ‍ॅनामोसा या लहान शहराच्या एका प्रभागात सुमारे १,४०० लोकसंख्येपैकी १,३०० हून अधिक कैदी होते. २००५ साली तेथील नगरसेवक दोन मतांवर निवडून आला. मतपत्रिकेवर त्याचे नाव हाताने लिहिणाऱ्यांपैकी एक त्याची पत्नी होती आणि दुसरा शेजारी. पुढे त्या शहराने प्रभागपद्धतच सोडली. न्यूयॉर्क व मेरीलँड या राज्यांनी २०१० साली कायदे करून, राज्यातील मतदारसंघांच्या आखणीपुरते कैद्याला ‘रा.’वर, म्हणजे अटकेपूर्वीच्या घरी मोजण्याचे ठरवले.

आपल्याकडे दोन्ही रीती नांदतात. मतदारयादीसाठी, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, केवळ तुरुंगात आहे म्हणून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. जनगणनेत मात्र तुरुंगातील माणसे तेथेच मोजली जातात. आपले विधानसभा मतदारसंघ लाखांच्या वस्तीचे असल्याने एखाद्या कारागृहातील काही हजारांनी तेथे फारसा फरक पडत नाही, एवढेच.

आता पर्यायी शब्द. शाळेची ‘पटसंख्या फुगवणे’ आपल्या परिचयाचे आहे, म्हणून मी ‘फुगवटा’ निवडीन. ‘बोगस’ मात्र नको, कारण पटावरचा बोगस विद्यार्थी नसतोच, आणि कैदी असतो, फक्त गावचा नसतो. कारागृह खाते ‘बंदी’ हा शब्द वापरते. पण ‘बंदीगणना’ असा समास केला तर गणनेवर बंदी आल्याचे वाटेल. तेव्हा ‘कैद्यांच्या गणतीचा फुगवटा’ म्हणावे. शब्द लांबतो खरा, पण वाचणारा अडखळत नाही. भाषांतरात आणखी एका शब्दाला जपावे लागेल, तो म्हणजे ‘मतदारसंघ’. ज्याला मत नाही असा माणूसही त्यात मोजला जातो हे त्या नावामागे झाकले जाते, म्हणून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘लोकसंख्येवर आखलेला मतदारसंघ’ असे पूर्ण लिहावे.