दिरांनी घोडे विकायला काढलेत

*ताई, आम्ही माथेरानचे घोडेवाले. यजमान वैशाखात अचानक गेले. मागे तीन घोडे, सासूबाई आणि अकरावीतली मुलगी. पावसाळाभर चंदी-वैरण दिरांनी भागवली. आता ते म्हणतात, परवाना माझ्या नावावर करा, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडे काढू. मुलगी म्हणते, कॉलेज सोडून मीच घोडे धरते. जुनी घोडी तर मला तंगसुद्धा, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळू देत नाही. काही सुचत नाही.*

तुमचे दीर वाईट आहेत असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक नसताना तीन जनावरं पोसणं सोपं नाही. पण त्यांची घाई मला पटत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे यजमानांचे घोडे तुमचे, मुलीचे आणि सासूबाईंचे, सारख्या वाट्याने. त्यात दिरांचा वाटा नाही. तेव्हा सही कशावरच करू नका. परवान्याचं नगरपरिषदेत स्वतः जाऊन विचारा. ‘वहिनी, तुम्ही कशाला हेलपाटा घालता?’ म्हणाले, तरी जा.

तिन्ही घोडे ठेवा, असंही मी म्हणणार नाही. २०२२च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या, तेव्हापासून गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून गावात यायला घोडाच लागतो असं राहिलेलं नाही. भिस्त आता पर्यटकांना पॉइंट फिरवण्यावर. घोडा मात्र धंदा नसला तरी खातोच. एक विका. त्यासाठी सारंगखेडा कशाला? पार नंदुरबार जिल्ह्यात टेम्पो न्यायचा, आणि तिथे मान मिळतो तो रुबाबदार, नाचऱ्या घोड्याला. लाल मातीच्या उतारावर पाय जपून टाकणाऱ्या जनावराची पारख तुमच्या शेजारच्या घोडेवाल्यालाच असणार.

घोडीचं म्हणाल तर ती रुसलेली वगैरे नाही. तंग आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवतात, आणि आपण जोर केला की जास्तच अडतात. आधी सैल बांधा, थोडं चालवा, मग एकेक भोक वर घ्या. रोजचा खरारा तुम्हीच करा, तोबराही तुमच्याच हातून जाऊ दे. यजमानांचा हात तिला वर्षानुवर्षं ठाऊक होता. तुमचा व्हायला वेळ लागेल.

मुलीचं कॉलेज सुटता कामा नये, इथे तडजोड नाही. शनिवार-रविवार मात्र तिला नाक्यावर जाऊ द्या. ‘पोरीच्या जातीनं लगाम धरायचा?’ म्हणणारे भेटतील. तुमच्या घरी चंदी ते पाठवणार आहेत का? आणि कोणता घोडा विकायचा, हे तिच्याशी बोलून ठरवा. बाप न सांगता गेला. कॉलेजातून आल्यावर पागेत एक जागा रिकामी दिसली, तर ती तुम्हाला कधी माफ करणार नाही.

सौद्याला दिरांना जरूर न्या, भाव त्यांना कळतो. पैसे तेवढे तुमच्या खात्यात.