‘जस्टिस’मधला बेस गेला कुठं? मेटॅलिकावर वाचकांचे प्रश्न

ज्या अल्बमला एकेकाळी शिव्या पडल्या तोच पुढे थोर कसा ठरतो, हा एकच प्रश्न या वेळी वेगवेगळ्या शब्दांत आला. बहुतेकांनी उदाहरण दिलं ते मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचं, म्हणून या अंकात दुसरा कुठलाही बँड नाही. मत बदलण्यात वय, आठवणी, फॅशन यांचा हात असतोच. पण तिकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी: तेव्हा आणि आता लोकांनी ऐकलं ते एकच ध्वनिमुद्रण होतं का? पुष्कळदा नसतं.

प्रश्न (सांगली): 1988 च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ला काही जण बँडचं सर्वोत्तम काम म्हणतात. तेच लोक त्यात बेस (खालच्या सुरांची गिटार) नाही म्हणून हळहळतात. माझ्या जुन्या कॅसेटवर तो ऐकू यायचा नाही आणि आता चांगल्या हेडफोनवरही येत नाही. एका मित्राने ‘बेस असलेली’ आवृत्ती पाठवली आहे. ती खरी मानायची का?

उत्तर: तुमच्या कॅसेटचा दोष नाही, हेडफोनचाही नाही. बेस मिक्समध्येच, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र बसवतानाच, दाबलेला आहे आणि त्याची कारणं एकावर एक बसली आहेत.

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण 41 हर्ट्झचा स्वर निघतो, साध्या गिटारची जाड तार 82 हर्ट्झला वाजते. 41 हर्ट्झ लहान स्पीकरला झेपतच नाही. तिथे बेस आपल्याला कळतो तो त्याच्या वरच्या हार्मोनिक्समुळे (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांमुळे), म्हणजे ढोबळमानाने 200 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यात. या अल्बममध्ये गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्डच्या गिटारींचा मधला भाग कापला आहे आणि खालचा फुगवला आहे. साहजिकच बेसची जागा गिटारींनी व्यापली. त्यात बेस वाजवणारा जेसन न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ वाजवतो. दोन वाद्यं एकाच वाटेने चालली की हळू असलेलं वाद्य कानाला वेगळं काढता येत नाही.

उरलेलं काम मिक्सिंगमध्ये झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत स्टीव्ह थॉम्प्सन आणि मायकल बार्बिएरो यांनी ते केलं. बेस खाली आणायला बँडचा ड्रमर लार्स उलरिकनेच सांगितलं, असं थॉम्प्सनने पुढे मुलाखतीत सांगितलं. बँड तेव्हा ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’च्या दौऱ्यावर होता. मोठ्या आवाजाने थकलेले कान घेऊन मिक्स ऐकायला बसलं की निर्णय कोरडे आणि कर्कश होतात. 27 सप्टेंबर 1986 ला आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन अपघातात गेला आणि त्याच्या जागी आलेल्या न्यूस्टेडला मुद्दाम दाबलं, ही चाहत्यांची आवडती कथा. त्यात तथ्य असेलही, पण एवढ्याने बेस गायब होत नाही.

अँपचा ‘बास’ नॉब फिरवून काही साधणार नाही. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गिटारींचा धबधबा तेवढा वाढेल. त्यापेक्षा इक्वलायझरवर 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग 2-3 डेसिबलने उतरवा. बेस सापडणार नाही, पण अल्बम शेवटपर्यंत ऐकवेल.

आता मित्राच्या आवृत्तीबद्दल. संगीतावरच्या व्हिडिओ गेमसाठी काही गाण्यांचे ट्रॅक सुटे दिले गेले होते. चाहत्यांनी त्यातला बेस वेगळा काढून मूळ गाण्यात चढवला. गेममध्ये आलेल्या गाण्यांपुरता तो न्यूस्टेडचाच हात आहे. बाकीच्या गाण्यांवर बहुधा कुणीतरी बेस नव्याने वाजवून चिकटवलेला असतो. म्हणून अख्खा अल्बम ‘मूळ बेससह’ असल्याचा दावा आला की शंका घ्या. 2018 ची अधिकृत आवृत्ती विकत घेऊनही प्रश्न सुटत नाही. रीमास्टरमध्ये तयार मिक्सवरच हात फिरवतात आणि एकटा बेस वर आणायला रीमिक्स लागतो. तो बँडने केलेला नाही. या गाण्यांत बेस काय करतो हे नीट ऐकायचं असेल तर 1989 च्या सिएटलच्या कार्यक्रमाचं चित्रण पाहा. 1993 च्या मैफिलींच्या संचात ते आहे.

या अल्बमवरची जुनी तक्रार आणि आजचं कौतुक एकाच कोरड्या आवाजाबद्दल आहे, हे गमतीचं आहे. तेव्हा तो दोष होता, आज तीच त्याची ओळख. 1989 चं हार्ड रॉक-मेटलचं ग्रॅमी या अल्बमला न मिळता जेथ्रो टल या दुसऱ्याच बँडला गेलं, त्यानेही चाहत्यांचं प्रेम घट्ट केलं असणार. अन्याय झालेला अल्बम लोक सहसा सोडत नाहीत.

प्रश्न (पुणे): ‘लोड’ आला तेव्हा आमच्या ग्रुपने बँडच्या नावाने आंघोळ केली होती. केस कापले, विकले गेले, वगैरे. आता तेच मित्र तो आवडीने ऐकतात. म्हातारपण की आणखी काही?

उत्तर: ‘विकले गेले’ हा आरोप ‘लोड’च्या बारा वर्षं आधीचा आहे. 1984 च्या दुसऱ्या अल्बमवर एक गाणं अकूस्टिक गिटारने संथ सुरू होतं, तिथेच पहिली ठिणगी उडाली. तेव्हा केस वगैरे सगळं जागेवर होतं.

4 जून 1996 च्या ‘लोड’मध्ये वाजवण्याची पद्धत मात्र खरंच बदलली होती. तोवर ऱ्हिदम गिटारचे (गाण्याला आधार देणाऱ्या गिटारचे) सगळे थर हेटफिल्ड एकटा चढवायचा. त्यामुळे डावी-उजवी गिटार एकाच मनगटातून आल्यासारखी घट्ट बसायची. ‘लोड’वर निर्माता बॉब रॉकने दुसरा गिटारिस्ट कर्क हॅमेटलाही ऱ्हिदम वाजवायला लावलं. दोन माणसांचे हात आले की ती पोलादी घट्ट वीण सैल होते आणि ब्लूजचा झोल येतो. शिवाय गिटारी अर्ध्या सुराने उतरवलेल्या. तुम्ही सोबत वाजवत असाल तर सहाही तारा अर्धा सूर खाली घ्या, नाहीतर सगळं बेसूर लागेल. 1996 मध्ये थ्रॅशच्या (वेगवान, आक्रमक मेटलच्या) अपेक्षेने ऐकणाऱ्याला हा ढिसाळपणा वाटला. आज ती अपेक्षा घेऊन कुणी बसत नाही.

खरी अडचण लांबीची होती आणि ती अजून आहे. 14 गाणी, जवळपास 79 मिनिटं, म्हणजे सीडी काठोकाठ. ‘द आउटलॉ टॉर्न’ हे शेवटचं गाणं तर सीडीत मावेना म्हणून सुमारे मिनिटभर छाटलं. पूर्ण आवृत्ती नंतर ‘द मेमरी रिमेन्स’च्या सिंगलवर आली, तीच ऐका. ‘ब्लीडिंग मी’, ‘अनटिल इट स्लीप्स’, ‘किंग नथिंग’, ‘हीरो ऑफ द डे’ आणि हे, एवढीच यादी करून मित्रांना ऐकवा. उरलेल्या नऊवर वाद घालायला रात्र मोकळी आहे.

प्रश्न (नागपूर): ‘सेंट अँगर’ला एका समीक्षकाने डोक्यावर घेतलं, दुसऱ्याने पायदळी तुडवलं. जुनी परीक्षणं वाचायची तरी कशी?

उत्तर: जून 2003 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने त्याला पाचपैकी चार तारे दिले आणि ‘पिचफोर्क’ने दहापैकी 0.8. दोघांनी एकच सीडी ऐकली होती. पहिल्याने वाचली ती परिस्थिती: न्यूस्टेड बँड सोडून गेलेला, हेटफिल्ड व्यसनमुक्तीतून परतलेला, बेस तर निर्माता बॉब रॉकनेच वाजवलेला. दुसऱ्याने ऐकला तो स्नेअर, म्हणजे खाली तारा ताणलेला छोटा ड्रम.

जुनं परीक्षण हाती आलं की त्यातली बँडच्या आयुष्याबद्दलची वाक्यं पेन्सिलीने खोडा. उरलेल्या मजकुरात आवाजाबद्दल, चालीबद्दल, लांबीबद्दल किती राहिलं ते बघा. काहीच उरलं नाही तर ते परीक्षण बातमी होती. अंकाच्या तारखेला गाठण्यासाठी समीक्षकाला थोडक्या वेळात लिहावं लागतं, आणि 75 मिनिटांचा, गिटार सोलो नसलेला अल्बम दोनदा नीट ऐकायला अडीच तास लागतात, हेही ध्यानात ठेवावं.

स्नेअरचं म्हणाल, तर तारांचा पट्टा सैल सोडून तो वाजवला आहे. पट्टा लागलेला असला की आवाज छोटा, फटाक्यासारखा येतो आणि त्याला ठरावीक स्वर नसतो. पट्टा सोडला की तो पिंपासारखा घुमतो, त्याला स्वर येतो, आणि तो स्वर गाण्याच्या सुराशी जुळेलच असं नाही. जलद ठोक्यांत एक घुमणं संपायच्या आत दुसरं येतं आणि सगळं चिकट होतं. त्या वेळी अल्बमसोबत तालमीच्या चित्रणाची डीव्हीडी मिळत असे. त्यात नवा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियोचा बेस आहे. गाणी चांगली की वाईट हे आधी त्यावर ठरवा, मग सीडीकडे या.

प्रश्न (ठाणे): 2008 चा ‘डेथ मॅग्नेटिक’ ऐकताना पंधरा मिनिटांत डोकं दुखतं. गाणी मात्र आवडतात. मोठ्या आवाजाचा हा दोष घरी तपासता येतो का?

उत्तर: येतो, फुकटात. आधी झालं काय ते पाहू. सीडी जास्तीत जास्त मोठी वाजावी म्हणून आवाजाचे चढउतार दाबले आणि ध्वनिलाटांचे शेंडे छाटले गेले. शेंडा सपाट झाला की स्नेअर आणि किकची धार जाते आणि तिथे चरचर येते. त्याच सुमाराला हीच गाणी ‘गिटार हीरो 3’ या गेमसाठी आली, आणि त्यांत ही दाबादाबी खूपच कमी होती. चाहत्यांनी दोन्ही लाटा शेजारी ठेवल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज केला की अल्बम पुन्हा मिक्स करा. मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) करणाऱ्या टेड जेन्सनने तर एका चाहत्याला कळवलं की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते. म्हणजे ‘मेटॅलिका संपली’ म्हणणारे आणि ‘मेटॅलिका परतली’ म्हणणारे यांच्यातल्या भांडणाचा बराच भाग या छाटणीचा होता.

तपासायचं असं. ‘ऑडॅसिटी’ हा संगणकावरचा मोफत प्रोग्राम घ्या. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांतली तीच 30 सेकंदं उघडा. लाट वरखाली कात्रीने कापल्यासारखी विटेच्या आकाराची दिसली तर ती दाबलेली. मग दोन्ही तुकड्यांना ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा इफेक्ट −23 एलयूएफएसवर (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं एकक) लावा. ही पायरी गाळायची नाही. दोन आवृत्त्यांत एका डेसिबलचा फरक असला तरी जरा मोठी असलेली आपल्याला ‘चांगली’ वाटते, आणि तुलना तिथेच फसते. सारख्या पातळीवर आणल्यावर दाबलेली आवृत्ती उलट बारीक आणि सपाट लागते.

मन खेळ करतंय अशी शंका असेल तर ‘फूबार2000’ या प्लेअरमधला एबीएक्स तुलनेचा भाग वापरा; तो कुठली आवृत्ती वाजतेय हे लपवून तुम्हाला ओळखायला लावतो. 16 फेऱ्यांत 12 वेळा बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबाने साधण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आत असते. चाचणी फसते ती तीन ठिकाणी: एक फाइल सीडीवरची आणि दुसरी व्हिडिओतून उतरवलेली असते, प्लेअरचा इक्वलायझर चालू राहतो, किंवा ब्लूटूथ स्पीकर स्वतःच आवाज दाबतो. वायरचा हेडफोन लावा.

आणखी एक. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी सुमारे −14 एलयूएफएसच्या पातळीला आणतं. मोठं मास्टर तिथे नुसतं खाली ओढलं जातं, छाटलेले शेंडे काही परत येत नाहीत. आज हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलांना म्हणून तो ‘मोठा’ लागत नाही, नुसता थकवतो.

प्रश्न (नाशिक): नॅप्स्टर या इंटरनेटवरून फुकट गाणी वाटून घेण्याच्या सेवेवरच्या खटल्याबद्दल लोक आता बँडची बाजू घेतात. मग तेव्हा एवढा राग का?

उत्तर: पद्धतीमुळे. अजून प्रसिद्ध न झालेलं गाणं नॅप्स्टरवरून फुटून रेडिओवर पोचलं, म्हणून बँडने 13 एप्रिल 2000 ला दावा लावला. मुद्दा रास्त होता. पण पुढच्याच महिन्यात 3 लाख 35 हजारांवर वापरकर्त्यांची नावं खोक्यांत भरून नॅप्स्टरला नेऊन दिली, म्हणजे थेट आपल्याच श्रोत्यांची यादी. ते लोक विसरले नाहीत. गाणं एकदा ऐकल्याचे कलाकाराला किती कमी पैसे मिळतात याची चर्चा स्ट्रीमिंगच्या काळात सुरू झाली, तेव्हा उलरिकचं म्हणणं नव्याने वाचलं गेलं. डिसेंबर 2012 मध्ये बँड स्पॉटिफायवर आला तो नॅप्स्टरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या शॉन पार्करला शेजारी घेऊन.

प्रश्न (बेळगाव): ‘लुलू’ही उद्या थोर ठरेल?

उत्तर: मेटॅलिकाच्या चाहत्यांत कठीण आहे. 30 ऑक्टोबर 2011 ला बँडने बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवलं आणि दुसऱ्याच दिवशी गायक लू रीडबरोबरचा हा अल्बम आला. त्याला मान मिळतो तो लू रीडच्या बाजूने. रीडची पत्नी लॉरी अँडरसनने 2015 मध्ये सांगितलं की गायक डेव्हिड बोवीच्या मते ते रीडचं सर्वांत मोठं काम होतं. रिफची (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याची) वाट बघत ऐकाल तर फसाल. नाट्यवाचनामागे बँड वाजतोय असं समजून बसा. एका बैठकीला दोनच गाणी.

प्रश्न (न्यू जर्सी): ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहून पंधरा वर्षांच्या मुलीला मेटॅलिकाचं वेड लागलं आहे. जुने चाहते अशा मुलांना हसतात. तिला काय ऐकवू?

उत्तर: हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे गाणं 1986 चं, पण अमेरिकेच्या हॉट 100 यादीत ते पहिल्यांदा आलं 2022 मध्ये, याच मुलांमुळे. बँडने त्यांचं उघड स्वागतही केलं.

त्याच नावाचा अल्बम सलग ऐकवा: आठ गाणी, 55 मिनिटांच्या आत. नंतर 1991 चा काळ्या मुखपृष्ठाचा. मग 2021 चा ‘द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट’ लावा. त्यात 53 कलाकारांनी काळ्या अल्बममधली गाणी आपापल्या ढंगात केली आहेत. एकट्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची डझनभर रूपं आहेत, ती एका दमात लावू नका. ‘द अनफरगिव्हन’पासून सुरुवात करा. त्याच्या रूपांत एक मुंबईचं आहे: विशाल ददलानी, डिव्हाइन आणि शोर पोलीस यांचं.