कॉम्रेड्स मॅरेथॉन कधी आणि कशी सुरू झाली?

भाऊ, हे साउथ आफ्रिकेतलं प्रकरण हाय, डर्बन ते पीटरमारित्झबर्ग, जवळपास ९० किमी, म्हणजे आपल्या अमरावतीहून यवतमाळले पळत जायचं, अन तेही सारं चढउताराचं. पहिल्या महायुद्धातून वापस आलेल्या विक क्लॅफमनं मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीत १९२१ मध्ये सुरू केली, तवा ३४ जण निघाले अन १६च पोचले. एका वर्षी चढाकडून, दुसऱ्या वर्षी उताराकडून असते, उताराच्या वर्षी मांड्या पार कामातून जातात. बायाइले अन काळ्या लोकाइले ऑफिशियल एन्ट्री थेट १९७५ मध्ये भेटली, लयच उशीर केला बाप्पा. लिमिट १२ तास, टाइम झाला का फिनिशवर एक जण पाठ करून बंदूक वाजवते, मंग दोन पावलं राह्यली असली तरी मेडल नाही.