वाचक विचारतात : आलिशान विद्युत एसयूव्ही आणि गोव्याचे रस्ते

प्रश्न : अनेक वर्षे डिझेलची मोठी गाडी चालवल्यानंतर आता विजेवर चालणारी आलिशान एसयूव्ही घेण्याचा विचार आहे. घरातील तरुण मंडळी चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या आणि पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठण्याच्या गोष्टी सांगतात. फोंडा ते पणजी रोज ये-जा करणाऱ्या माझ्यासारख्याला या ताकदीचा उपयोग काय? की हे आकडे केवळ मिरवण्यासाठी असतात?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शंभरचा वेग किती सेकंदांत गाठतो हा आकडा बव्हंशी मिरवण्यासाठीच असतो. बीएमडब्ल्यू आयएक्स या विद्युत एसयूव्हीच्या सुरुवातीच्या एक्सड्राइव्ह ४० या प्रकारात ३२६ अश्वशक्ती आहे आणि तो ६.१ सेकंदांत शंभरावर पोहोचतो. एक्सड्राइव्ह ५० मध्ये ५२३ अश्वशक्ती आहे आणि त्याला ४.६ सेकंद पुरतात. या दीड सेकंदाच्या फरकासाठी भोमच्या अरुंद रस्त्यावर जागा नाही आणि पुढे कदंब पठारावरही तो वापरून पाहण्याचे कारण नाही. तरीही हे सारे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण खरा लाभ या आकड्यात दिसत नाही.

डिझेलच्या इंजिनाला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देण्यासाठी मिनिटाला साधारण दीड हजार फेऱ्यांपर्यंत यावे लागते, टर्बोला श्वास घ्यावा लागतो आणि गिअर बदलावा लागतो. विद्युत मोटर स्थिर अवस्थेपासूनच जवळजवळ पूर्ण टॉर्क देते आणि तिथे बदलण्यासाठी गिअरच नसतात. त्यामुळे बाणस्तारीजवळ ट्रकच्या मागे चाळीसच्या वेगाने रखडत असताना समोरचा रस्ता मोकळा दिसला, तर चाळीसवरून सत्तरवर जायला लागणारे अंतर बरेच कमी होते आणि विरुद्ध बाजूच्या लेनमध्ये आपण कमी वेळ राहता. ओव्हरटेक करताना सुरक्षितता असते ती या थोडक्या वेळात. त्यासाठी सुमारे तीनशे अश्वशक्ती पुरेशी आहे. त्यापुढचे पैसे ताकदीवर घालण्याऐवजी चांगल्या सस्पेन्शनवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण वजन. या वर्गातील गाड्या दोन टनांपासून अडीच टनांपर्यंत आणि काही त्याहूनही जड असतात. बॅटरी तळाशी सपाट पसरलेली असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो, म्हणून वळणावर ही उंच गाडी एखाद्या सेडानइतकीच स्थिर वाटते, आणि चालवणाऱ्याला वजनाचा विसर पडतो तो नेमका इथेच. भौतिकशास्त्राला मात्र तो पडत नाही. शंभरच्या वेगातील गाडीत साठलेली ऊर्जा साठच्या वेगातील ऊर्जेच्या पावणेतीन पट असते, आणि ती सारी ब्रेकना आणि टायरना शोषून घ्यावी लागते. टायर डिझेलच्या गाडीपेक्षा लवकर झिजतात, याचा हिशेब खरेदीच्या वेळीच करून ठेवावा. शोरूममध्ये २१ किंवा २२ इंची रिंगा डोळ्यांत भरतात, पण त्यांवरचा टायर पातळ असतो आणि पहिल्या पावसानंतरचे आपल्याकडचे खड्डे आपल्याला ठाऊकच आहेत. शक्य असेल तिथे लहान रिंग निवडावी. गचके कमी बसतात आणि एका चार्जमध्ये गाडी थोडी अधिक पळते.

किनारपट्टीसाठी एक सूचना वेगळी द्यायला हवी. अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच मोटर जनित्रासारखी फिरून वीज बॅटरीत परत पाठवते, त्यामुळे नेहमीच्या ब्रेकचा वापर फारच कमी होतो. ऐकायला हे उत्तम वाटते. परंतु खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. सकाळी गाडी हलवताना चाकातून खरखर ऐकू आली तर घाबरू नये. मात्र आठवड्यातून एखादे वेळी वीज परत घेण्याची पातळी कमीत कमी करून, मागे वाहन नाही याची खात्री करून, काही वेळा जोराने ब्रेक दाबावा, म्हणजे डिस्क साफ राहतात.

प्रश्न : इंजिनच नसलेल्या गाडीला पुढची भली मोठी ग्रिल कशासाठी? या गाड्यांची रचना खरोखर वेगळी आहे, की जुन्याच गाडीला नवे रूप दिले आहे? आम्ही जुनी जग्वार आय-पेस घ्यावी असे घरात चालले आहे. गाडी रोज फेरीबोटीवर चढवावी लागेल.
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. आयएक्सची ग्रिल हवेसाठी नाहीच. ती बंद आहे आणि तिच्यामागे कॅमेरा व रडार बसवलेले आहेत. तिच्यावरचा पॉलियुरेथेनचा लेप असा आहे की बारीक ओरखडे साध्या तापमानात सुमारे चोवीस तासांत आपोआप भरून निघतात. अभियांत्रिकी म्हणून हे कौतुकास्पद आहे, पण त्या ग्रिलचा आकार इतका मोठा ठेवण्यामागे ओळख जपण्याची हौसच अधिक आहे, असे मला वाटते.

आय-पेस याच्या अगदी उलट टोकाची आहे. इयान कॅलम हे जग्वारच्या डिझाइन विभागाचे प्रमुख असताना २०१८ मध्ये ती जगापुढे आली आणि २०१९ मध्ये तिने जागतिक कार, जागतिक डिझाइन आणि जागतिक हरित कार हे तिन्ही किताब एकाच वर्षी मिळवले. पुढे इंजिन नसल्याने बॉनेट आखूड झाले, बसण्याची जागा पुढे सरकली आणि चाके कोपऱ्यांकडे ढकलली गेली. लांबी केवळ ४,६८२ मिलिमीटर असताना दोन आसांमधील अंतर २,९९० मिलिमीटर आहे. हे अंतर तिच्याहून जवळजवळ तीस सेंटिमीटर लांब असलेल्या आयएक्समध्येही फक्त १० मिलिमीटरनेच अधिक आहे. तिच्या ग्रिलमधून आत आलेली हवा बॉनेटवरील खाचेतून वर निघून काचेवरून सरकते आणि वाऱ्याचा अडथळा कमी होतो. त्या अडथळ्याचा गुणांक ०.२९ आहे. नंतर आलेल्या आयएक्सने तो ०.२५ वर आणला, पण उंच गाडीसाठी २०१८ मध्ये ०.२९ हे चांगलेच यश होते.

आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे दोष. आय-पेसला मागचा वायपर नाही. पाणी न टिकणारी काच आणि छतावरून येणारा वारा यांच्या भरवशावर तो काढून टाकला आहे. महामार्गाच्या वेगाला ही योजना पटते. जुलैतल्या धारांमध्ये वाड्यातून वीसच्या वेगाने गाडी मागे घेताना तो वारा कुठून येणार? दुसरा मुद्दा फेरीबोटीचा. ओहोटीला फेरीच्या फळीचा उतार तीव्र होतो, आणि दोन आसांमधील अंतर जेवढे अधिक तेवढा गाडीचा मधला तळ फळीच्या कडेला टेकण्याचा संभव अधिक. हा तळ म्हणजे बॅटरीचेच आवरण. त्यामुळे उंची वाढवता येणारे एअर सस्पेन्शन असलेलीच गाडी शोधावी आणि पैसे देण्यापूर्वी ओहोटीच्या वेळी एकदा ती फेरीवर चढवून पाहावी. विक्रेता नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवावा. या मॉडेलचे उत्पादन आता बंद झाले आहे, हेही किंमत ठरवताना विसरू नये. बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल आणि आठ वर्षांच्या हमीतील उरलेला काळ लेखी घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून अशी गाडी नेणे धोक्याचे नाही का? विजेचा धक्का बसेल अशी भीती वाटते.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : धक्क्याची भीती मनातून काढून टाकावी. उच्च दाबाची वायरिंग गाडीच्या सांगाड्यापासून पूर्ण वेगळी ठेवलेली असते आणि विजेची गळती जाणवल्यास यंत्रणा बॅटरीची जोडणी तोडू शकते. इंजिनात पाणी ओढले जाण्याचा प्रश्नही इथे उद्भवत नाही. आय-पेससाठी कंपनीने अर्धा मीटर खोलीची मर्यादा दिलेली आहे, मात्र ती सावकाश चालवताना. भरतीच्या वेळी रस्त्यावर येणारे खाडीचे पाणी पूर्णपणे टाळावे. नाइलाज झालाच तर त्याच दिवशी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा.

प्रश्न : पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाताना घाटामुळे बॅटरी किती खाली येईल?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : माणसे आणि सामान धरून २,८०० किलोची गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर वर चढवायला साधारण ६ युनिट वीज लागते. मोटरमधील व टायरमधील नुकसान धरले तरी, १०५ युनिट वापरता येणाऱ्या बॅटरीतून सपाट रस्त्यापेक्षा सात-आठ टक्केच जास्त जातील, आणि उतरताना त्यांतील मोठा भाग परत मिळेल. घाटापेक्षा वेगच अधिक वीज खातो : साठऐवजी शंभराने गेल्यास वाऱ्याचा विरोध पावणेतीन पट होतो. काळजी घ्यायची ती एकाच बाबतीत. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना वीज परत घेण्यासाठी तिच्यात जागा उरत नाही आणि उतारावर सारा भार साध्या ब्रेकवर येतो. बेळगावहून पूर्ण भरून निघालात तरी घाटमाथ्यापर्यंतच्या प्रवासात पुरेशी जागा होते. परंतु मुक्काम माथ्याजवळच असेल, तर चार्जिंग ८५ टक्क्यांवर थांबवावे.