अंदाज बांधावा, भाकीत वर्तवावे

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारले आहे: "जानेवारीत मी आमच्या मंडळातल्या लोकांना रोज सकाळी एक छोटे टिपण पाठवतो. अमेरिकी फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या सामन्यांत, कोण जिंकेल ते, आणि सोबत त्या तारखेला खेळात किंवा इतिहासात काय घडले ते. त्याला मथळा हवा आहे. 'प्लेऑफचे भाकित' म्हणू, 'अंदाज' म्हणू की 'भविष्य'? प्लेऑफला 'बाद फेरी' चालेल का? आणि 'ट्रिव्हिया'ला मराठीत काय म्हणायचे?"

फुटबॉलकडे जाण्याआधी पावसाकडे जाऊ. भाकीत आणि अंदाज यांतला फरक मराठी माणसाने पावसाच्या संदर्भात केव्हाच ठरवून टाकला आहे.

बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घटमांडणी होते. धान्ये गोलाकार मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते दाणे जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून पीकपाण्याचे सांगतात. त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, हवामान खातेही पावसाचे सांगते. दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस असला तर तो 'सर्वसाधारण', असा त्यांचा हिशेब. पाऊस एकच आणि ऐकणारा शेतकरीही एकच. पण वर्तमानपत्रात भेंडवळचे नेहमी 'भाकीत' असते आणि हवामान खात्याचा नेहमी 'अंदाज'. 'हवामान खात्याचे भाकीत' असे कोणी लिहिले तर वाचताना किंचित खटकते, आणि 'भेंडवळचा अंदाज' म्हटले तर त्या पहाटेची सगळी गंभीरता निघून जाते.

हा फरक शब्दांपेक्षाही त्यांच्या क्रियापदांत स्पष्ट दिसतो. अंदाज आपण बांधतो. अटकळ बांधतो, कयास बांधतो, आडाखे बांधतो, ठोकताळे बांधतो. भाकीत मात्र कोणी बांधत नाही; ते करतात किंवा वर्तवतात. बांधायला हाताशी सामान लागते: मागच्या सामन्यांचे निकाल, कोण जायबंदी आहे, मैदान कुणाचे, हवा कशी. भाकिताला यातले काही लागतेच असे नाही, ते तोंडून निघावे लागते. 'भाकणे' म्हणजे मुळात बोलणे. 'करुणा भाकणे' यात ते क्रियापद अजून जिवंत आहे. तेव्हा भाकीत म्हणजे बोललेले, उच्चारलेले.

हवामान खाते अंदाज 'वर्तवते' असेही आपण म्हणतो, मग ही कसोटी टिकते का? माझ्या मते टिकते. आत बसून आकडेमोड करतात तेव्हा अंदाज बांधलेला असतो. लोकांसमोर येऊन जाहीर केला की तो वर्तवला. म्हणजे अंदाज बांधताही येतो आणि वर्तवताही येतो. भाकिताला फक्त दुसरा दरवाजा आहे.

'अंदाज' फारसीतून आला. मूळ क्रियापद 'फेकणे' या अर्थाचे. तिरंदाज म्हणजे तीर फेकणारा, आणि गोलंदाज म्हणजे गोळे फेकणारा. मराठ्यांच्या फौजेत तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत, पुढे क्रिकेट आल्यावर आपण तोच शब्द चेंडू टाकणाऱ्याला दिला. तेव्हा गोलंदाज आणि अंदाज हे एकाच घरातले. टप्पा कुठे पडेल ते ताडायचे आणि फेकायचे, ही गोष्ट दोघांतही आहे. खेळाच्या पानावर 'अंदाज' इतका चपखल का बसतो याचे मला या नात्यात उत्तर मिळते.

सामान नसताना फेकला तर तो 'अंदाजपंचे'. पूर्ण म्हण 'अंदाजपंचे दाहोदरसे'. दाहोदरसे म्हणजे दहा उत्तर शंभर, एकशे दहा. जुन्या पाढ्यांत 'बावीस पंचे दाहोदरसे' असे म्हणत. बावीसच्या जागी अंदाज घातला आणि उत्तर तेच ठेवले, की झाली म्हण! ज्या दिवशी तुम्ही संघांची यादी न बघताच नावे टाकाल, त्या दिवसासाठी हा शब्द राखून ठेवा.

आता तुमच्या खेळाकडे. दोन घटना सांगतो. दोन्हीतल्या विजेत्यांचे आजचे घरचे मैदान तुमच्याच राज्यात, ईस्ट रदरफर्डला आहे.

पहिली १९६९ सालची. तिसऱ्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जेट्सची गाठ बाल्टिमोर कोल्ट्सशी होती. कोल्ट्सचे पारडे इतके जड होते, की ते सुमारे १८ गुणांनी जिंकतील असे धरून चालले होते. सामन्याच्या तीन दिवस आधी मायामीतल्या एका समारंभात जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जो नेमथ याने भर सभेत सांगितले, की रविवारी आम्ही जिंकणार आणि याची मी हमी देतो. १२ जानेवारीला जेट्स १६–७ असे जिंकले.

नेमथने केला तो अंदाज होता का? नाही. त्याने काही बांधले नव्हते. इंग्रजीत त्याला हमी म्हणतात आणि मराठीतही हमी म्हणता येईल, पण त्याहून नेमका शब्द आपल्याकडे आहे. जुन्या मराठीत 'भाक' म्हणजे वचन. भाक देणे, भाक घेणे. भाकणे, भाक आणि भाकीत ही एकाच घराण्यातली मंडळी. माणूस बोलला, आणि बोलल्यामुळे त्या बोलण्याला बांधला गेला. नेमथने त्या संध्याकाळी एका वाक्यात भाकीतही केले आणि भाकही दिली. दोन्ही अर्थ एकाच मुळातून पेलणारा शब्द आपल्याला आयता मिळाला आहे, तो वापरातून जाऊ देऊ नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी घटना २००८ सालच्या ३ फेब्रुवारीची. न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्या मोसमात १८ पैकी १८ सामने जिंकून अंतिम सामन्यात आले होते. समोर न्यूयॉर्क जायंट्स, वाइल्ड कार्डाच्या वाटेने, म्हणजे गटविजेता न ठरताही जागा मिळवून, आलेला संघ. जायंट्स १७–१४ असे जिंकले. इथे पेट्रियट्सच्या बाजूने बोललेल्या जाणकारांचा अंदाज चुकला. 'चुकला' हे क्रियापद पाहा. अंदाज चुकतो किंवा बरोबर येतो, गणितासारखा. भाकीत खरे ठरते नाही तर खोटे ठरते, साक्षीसारखे. १८ विजय मोजून कोणी पेट्रियट्सचे नाव घेतले, तर त्याला खोटे पाडण्यात अर्थ नाही; त्याचा हिशेब चुकला, एवढेच. जेट्स हरले असते तर मात्र नेमथचा शब्द खोटा पडला असता.

'भविष्य' टाळा. त्याला पत्रिकेचा आणि राशीचा वास आहे. 'होरा' मात्र घ्यायला हरकत नाही. तो ग्रीकमधून ज्योतिषात आला आणि ज्योतिषातून बाहेर पडून वृत्तपत्रांत स्थिरावला: 'जाणकारांचा होरा असा की…'. इंग्रजीतला तासाचा शब्द 'अवर' हाही त्याचाच नातेवाईक.

आणखी एक शब्द सुचवतो, कारण खेळाशी त्याचे जुने नाते आहे: कौल. कोकणात आणि गोव्यात देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे लावून प्रश्न विचारतात, आणि उजव्या बाजूची पाकळी पडते की डाव्या बाजूची यावर उत्तर ठरते. तो कौल. तिथूनच नाणेफेकीचा कौल आला आणि मतदारांचा कौलही. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला पॉल नावाचा ऑक्टोपस दोन डब्यांपैकी एका डब्यातले खाणे उचलायचा आणि त्या डब्यावर ज्या संघाचा झेंडा तो जिंकायचा. आठपैकी आठ सामने बरोबर आले. आपल्याकडे सगळ्यांनी त्याला 'ऑक्टोपसचे भाकीत' म्हटले. पण पॉल काही बोलला नव्हता, त्याने काही बांधलेही नव्हते. दोन पर्याय समोर ठेवून एकावर खूण मागायची, हा शुद्ध कौल आहे. तुमच्या घरचे लहान मूल दोन टोप्यांतली एक उचलून विजेता ठरवत असेल, तर तोही कौलच.

आता 'बाद फेरी'. तुमच्या खेळाला ती तंतोतंत लागू पडते, हरला तो बाहेर. पण प्लेऑफ म्हणजे बाद फेरी असे समीकरण मांडू नका. आयपीएलच्या प्लेऑफमध्ये पहिल्या क्वालिफायरमध्ये हरलेल्या संघाला आणखी एक सामना मिळतो. तिथे त्याला बाद म्हणणे खोटे. बास्केटबॉलच्या एनबीएत सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. तिथेही एका हारीने कोणी बाद होत नाही. त्यामुळे शब्द खेळाप्रमाणे निवडावा.

मुळात प्लेऑफ या शब्दाचा अर्थ 'बाद' नव्हताच. १९३२ साली शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स हे दोन संघ मोसमाअखेर बरोबरीत आले, आणि विजेता ठरवायला एक जादा सामना घ्यावा लागला. बर्फ आणि थंडी इतकी, की १८ डिसेंबरला तो शिकागो स्टेडियमच्या छपराखाली, नेहमीपेक्षा आखूड अशा ८० यार्डांच्या मैदानावर खेळवला. बेअर्स ९–० असे जिंकले. बरोबरी सोडवण्यासाठी खेळलेला तो सामना, म्हणजे मराठीत 'निर्णायक सामना'. पुढच्याच वर्षी संघांचे दोन गट केले आणि गटविजेत्यांची गाठ दरवर्षी ठरूनच गेली. बरोबरी सोडवण्याचा अर्थ मागे पडला, शब्द तोच राहिला.

आजच्या रचनेत १४ संघ असतात, प्रत्येक कॉन्फरन्सचे, म्हणजे स्पर्धेच्या दोन मोठ्या विभागांपैकी प्रत्येकाचे, सात. दोन्हींकडच्या अग्रमानांकित संघाला पहिल्या फेरीत सामना नसतो. त्याला आपल्या क्रीडापानांवर 'पुढे चाल' म्हणतात: 'अमुक संघाला पुढे चाल मिळाली'. टेबल टेनिसच्या गावपातळीवरच्या स्पर्धेतही हाच शब्द असतो. दुसऱ्या फेरीत आठ संघ, म्हणून ती उपांत्यपूर्व. कॉन्फरन्सचे अंतिम सामने म्हणजे एकंदरीत उपांत्य फेरी. वाइल्ड कार्डाला वाइल्ड कार्डच म्हणा, ते सगळ्यांना कळते.

'उपांत्य' म्हणजे शेवटच्याच्या अलीकडचा. आणि हाच शब्द तुम्हाला शुद्धलेखनात उपयोगी पडेल. तुम्ही 'भाकित' असे लिहिले आहे. मराठी अकारान्त शब्दात उपांत्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो: गरीब, वकील, भाकीत. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: गरिबाला, वकिलाचा, भाकिताने. अनेकवचनही 'भाकिते'. तेव्हा एकच असेल तर 'आजचे भाकीत', आणि चार सामने असतील तर 'आजची भाकिते'.

राहिला 'ट्रिव्हिया'. लॅटिनमध्ये 'ट्रिव्हियम' म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. त्याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहेत: कोकणात तिठा, देशावर तिकटी. कोल्हापुरात मिरजकर तिकटी सगळ्यांना ठाऊक आहे. तिठ्यावर जे सहज कानावर पडते ते साधे, किरकोळ, असा तिकडचा अर्थ. मराठीने मात्र उलटी वाट धरली. त्या त्या तारखेच्या घटनांना आपण 'दिनविशेष' म्हणतो. तिकडे किरकोळ, इकडे विशेष! मला आपला शब्द अधिक आपुलकीचा वाटतो, आणि तुमच्या टिपणाच्या दुसऱ्या भागाला तोच द्यावा. प्रश्न विचारून उत्तर दुसऱ्या दिवशी देणार असाल तर 'प्रश्नमंजूषा'. 'सामान्यज्ञान' नको, त्याने परीक्षेची आठवण होते.

शिवाय दिनविशेषात दोन्ही घरांच्या गोष्टी शेजारी बसतात. १२ जानेवारीचेच पाहा. नेमथचा सामना त्याच तारखेचा, आणि आपल्याकडे त्या दिवशी राजमाता जिजाऊंची जयंती. त्यांचा जन्म १५९८ चा, सिंदखेडराजाचा, म्हणजे भेंडवळच्याच बुलढाणा जिल्ह्यातला. स्वामी विवेकानंदही त्याच तारखेचे, १८६३ चे. १४ जानेवारीला मायामी डॉल्फिन्सनी १९७३ साली वॉशिंग्टनला १४–७ असे हरवून १७ पैकी १७ सामने जिंकल्याचा मोसम पुरा केला. आणि १७६१ साली त्याच तारखेला पानिपत झाले. त्या दिवशीच्या टिपणात एखाद्या हरलेल्या संघाचे 'पानिपत झाले' असे मात्र लिहू नका. एरवी हा वाक्प्रचार खेळाच्या पानावर सर्रास येतो, पण त्या तारखेला मूळ पानिपताला त्याची जागा राहू द्या.

मथळा मी असा करीन: 'बाद फेरीचे अंदाज आणि दिनविशेष'. आकडे मांडून लिहाल त्या दिवशी हाच राहू द्या. पण एखाद्या सकाळी कोणताही हिशेब न मांडता, आपल्या संघावरच्या निखळ भरवशाने, 'आज आमचेच जिंकणार' असे लिहावेसे वाटले, तर त्या दिवसापुरता अंदाज काढा आणि तिथे 'भाकीत' लिहा, उपांत्य अक्षर दीर्घ.