निवेदन दिलं, फोटो पेपरात आला, पुढं काय?

दादा, तुमचं म्हणणं असं की सोलापुरात हद्दवाढीतल्या तुमच्या वस्तीची गुंठेवारीची (म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट, त्यावरची) घरं नियमित व्हावीत आणि तिथपर्यंत सिटी बस यावी म्हणून आमदारांना निवेदन दिलं, फोटो पेपरात आला, आणि तेव्हापासून सामसूम. होणारच की ओ. एका कागदात दोन मागण्या, आणि दोन्हीची दारं वेगळी.

बसचं आधी उरकतो. सिटी बस महापालिकेचा परिवहन उपक्रम चालवतो, त्यासाठी विधानसभेत काही बदलायला नको, गाड्या आणि पैसा पाहिजे, म्हणजे परिवहन व्यवस्थापक नि आयुक्त. शेअर रिक्षाचा विषय असेल तर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष कलेक्टर. राज्य सरकार मोटार वाहन कायद्याखाली नवीन नियम करतं तेव्हा मात्र आधी मसुदा राजपत्रात टाकून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, कलम 212. मुदत थोडी असते, संघटनावाले बरोबर पोचतात, रोज स्टॉपवर ताटकळणाऱ्याला पत्ताच नसतो.

गुंठेवारी हा खरा कायद्याचा विषय. कायदा 2001 चा, तेव्हा 1 जानेवारी 2001 पर्यंतचीच बांधकामं धरायचे. ती तारीख 2021 च्या दुरुस्तीत 31 डिसेंबर 2020 वर आली, म्हणजे कायदा हलतो, पण वीस वर्षं लागली. आता तुमची घरं त्या तारखेच्या आधीची का नंतरची, हे पहिलं बघा. आधीची असली तर दुरुस्ती मागून काय करणार, भांडण अंमलबजावणीचं आहे, फाईल महापालिकेत अडकलीय. नंतरची असली तरच तारीख बदला म्हणायचं. आणि विकास आराखड्यात शाळा, बाग, रस्ता अशा कामासाठी राखून ठेवलेल्या (आरक्षणाच्या) जागेवर असली तर आराखड्यातच फेरबदल लागतो, एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 37, ते लय लांबतं.

मग आरटीआय टाकून आकडे काढा आणि आमदारांना निवेदन देण्याऐवजी प्रश्नच लिहून द्या. साधारण असा: "सोलापूर महापालिका हद्दीत गुंठेवारी नियमितीकरणाचे प्रस्ताव प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, किती प्रस्ताव प्राप्त झाले व किती मंजूर झाले, तदनुसार शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्याची, भाषा हीच असते, पीएला नुसतं टाईप करायचं राहतं. "तरी आपण जातीने लक्ष घालावे" यावर तो काय करणार बिचारा. आवक शिक्का मारलेली प्रत मात्र सोडू नका.

घर आणि बस एकत्र मागू नका म्हणालो, पण विषय जोडलेलेच आहेत, सोलापूरजवळच्या कुंभारीला बघा. विडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीची 10 हजार घरं 2006 ला मिळाली, मग तिथंच कामगारांची रे नगर वसाहत 30 हजार घरांची, भूमिपूजन जानेवारी 2019, पहिली 15 हजार घरं 19 जानेवारी 2024 ला. पक्ष कुठला का असेना, या घरांसाठी लढलेले माकपचे माजी आमदार आडम मास्तर, त्यांनी मोर्चा आणि मंत्रालय दोन्ही सोडलं नाही हे मानायलाच पाहिजे. पण एवढ्या लांब घर मिळालं की शहरात कामाला यायचं म्हणजे बसवर आलं, आणि त्याच्यासाठी परत वेगळं भांडायचं.

वेळ सांभाळा. बजेट आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी जातो, तो हुकला तर चालू अधिवेशनात नियम 105 खाली लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. मतदारसंघ पण तपासा, जुळे सोलापूरकडची बरीच वस्ती महापालिकेत असून विधानसभेला दक्षिण सोलापुरात येते. तुमचे आमदार मंत्री असले तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत, मग पुणे पदवीधर नाहीतर शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषदेतले आमदार गाठा, सोलापूर जिल्हा त्यात येतो. पदवीधरच्या यादीत नाव असलं तर जरा जास्त ऐकून घेतात.